लॅटिनो संस्कृती आणि समाजांचा पदव्युत्तर अभ्यास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी निपाणीची. अमेरिकेत याच विषयात एम.ए. केलं. तेव्हापासून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास, म्हणजे अर्ज भरायच्या दिवसांत, कोल्हापूर, नागपूर, पणजी, कुठून कुठून मुलामुलींचे प्रश्न येतात. प्रत्येकाला वेगळं लिहिताना काही ना काही सुटायचं, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे.

लॅटिनो म्हणजे नेमके कोण?

ज्यांची मुळं लॅटिन अमेरिकेत किंवा कॅरिबियनच्या स्पॅनिश भाषक बेटांवर आहेत, असे अमेरिकेत राहणारे लोक. २०२०च्या जनगणनेत त्यांची संख्या ६ कोटी २१ लाख भरली, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या १८.७ टक्के. त्यांतले निम्म्याहून जास्त मेक्सिकन मुळाचे. मग पोर्तोरिकन, क्युबन, साल्वादोरन, डोमिनिकन, ग्वातेमालन आणि इतर.

हे सगळे 'बाहेरून आलेले' आहेत असं समजू नका. १८४८च्या ग्वादालूपे इदाल्गो तहानं मेक्सिकोचा प्रचंड मुलूख अमेरिकेकडे गेला. तिथली माणसं जागची हलली नव्हती, देश बदलला. 'आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमेनं आम्हाला ओलांडलं,' असं त्यांचे वंशज म्हणतात. बेळगाव-निपाणीकडच्या माणसाला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. पोर्तो रिको १८९८ साली अमेरिकेच्या ताब्यात आलं आणि १९१७ पासून तिथले लोक अमेरिकेचे नागरिक आहेत. तरीही बेटावर राहणाऱ्याला राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत आजही मत नाही.

हिस्पॅनिक, लॅटिनो, चिकानो, लॅटिनेक्स... कोणता शब्द वापरू?

समोरचा माणूस स्वतःला जे म्हणवतो तो. 'हिस्पॅनिक' सरकारी कागदांतून रुळला. १९८०च्या जनगणनेत तो प्रश्न पहिल्यांदा सरसकट सगळ्यांना विचारला गेला. त्यात स्पेनचे लोक बसतात आणि पोर्तुगीज बोलणारे ब्राझीलचे लोक बसत नाहीत. 'लॅटिनो'मध्ये भर लॅटिन अमेरिकेवर आहे. 'चिकानो' ही एके काळी शिवी होती. १९६०च्या दशकात मेक्सिकन-अमेरिकन तरुणांनी तीच अभिमानानं स्वतःच्या नावाला लावली. 'दलित' या शब्दाचा आपल्याकडचा प्रवास ज्यांना माहीत आहे, त्यांना यातली ताकद लगेच कळेल. 'लॅटिनेक्स' हा स्त्री-पुरुष भेद टाळणारा शब्द विद्यापीठांत खूप दिसतो, पण प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०२३च्या पाहणीत तो स्वतःसाठी वापरणारे लॅटिनो प्रौढ फक्त ४ टक्के निघाले. साधारण निम्म्या लोकांना आपण मेक्सिकन, क्युबन, डोमिनिकन असं देशाचं नाव सांगणंच जवळचं वाटतं.

म्हणजे हा लॅटिन अमेरिकेचाच अभ्यास ना?

नाही, आणि हा घोटाळा अर्जातच करून बसणारे पुष्कळ असतात. उदाहरण देते. वर्ध्यात जन्मलेले पांडुरंग खानखोजे गदर चळवळीतले क्रांतिकारक. १९२०च्या दशकात ते मेक्सिकोत गेले, चापिंगोच्या कृषिविद्यालयात शिकवू लागले, मक्याच्या वाणांवर त्यांनी काम केलं. मेक्सिकोचा प्रसिद्ध भित्तिचित्रकार दिएगो रिवेरानं मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांना रंगवलंय. हा विषय मेक्सिकोच्या, म्हणजे लॅटिन अमेरिकेच्या इतिहासाचा.

आता दुसरं उदाहरण. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबी शेतकरी कॅलिफोर्नियाच्या इंपिरियल व्हॅलीत आले. १९१७च्या कायद्यानं भारतातून येण्याची वाट बंद झाली, बायका आणता येईनात. वंशभेदाच्या कायद्यांमुळे गोऱ्या बाईशी लग्न जवळपास अशक्य होतं. तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांनी मेक्सिकन स्त्रियांशी लग्नं केली. त्या घरांत मुलं स्पॅनिश बोलत वाढली, बाप सिंग आणि आई कॅथलिक. हा विषय लॅटिनो अभ्यासाचा, कारण तो अमेरिकेच्या भूमीवर घडला आणि त्या देशाच्या कायद्यांनी घडवला. काही विभाग दोन्ही अभ्यास एकत्र चालवतात. सांताक्रूझचं कॅलिफोर्निया विद्यापीठ त्यांतलं एक. तिथे ही भिंत मुद्दाम पातळ ठेवलेली आहे.

हा विषय विद्यापीठात आला कसा? आणि ते माहीत असणं का गरजेचं?

कारण तो कुणा कुलगुरूंच्या मनात येऊन सुरू झालेला नाही. तो मागून, भांडून घेतलेला आहे.

मार्च १९६८मध्ये पूर्व लॉस एंजेलिसच्या शाळांतली हजारो मेक्सिकन-अमेरिकन मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली. शाळेत स्पॅनिश बोललं की छडी बसायची, पुस्तकांत त्यांच्या पूर्वजांचं नाव नव्हतं, आणि सल्लागार शिक्षक त्यांना कॉलेजऐवजी हातकामाच्या वर्गांकडे वळवायचे. मुलांसोबत उभे राहिलेले शिक्षक सॅल कॅस्ट्रो यांच्यासह १३ जणांवर कटाचे आरोप ठेवले गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात काळ्या, लॅटिनो, आशियाई आणि मूलनिवासी विद्यार्थ्यांचा संप सुरू झाला. तो मार्च १९६९पर्यंत चालला आणि त्यातून वांशिक अभ्यासाचं स्वतंत्र महाविद्यालय उभं राहिलं. एप्रिल १९६९मध्ये सांता बार्बारात विद्यार्थी, शिक्षक आणि कार्यकर्त्यांनी बसून चिकानो अभ्यास कसा असावा याचा आराखडाच लिहून काढला. त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात काळ्या आणि पोर्तोरिकन विद्यार्थ्यांनी आवाराचा ताबा घेतला. १९७३ साली पोर्तोरिकन अभ्यासाचं केंद्र सुरू झालं. आज हंटर कॉलेजात असलेलं 'सेंत्रो' ते हेच. १९९३ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात विद्यार्थी आणि एक प्राध्यापक १४ दिवस उपाशी बसले, तेव्हा कुठे तिथे चिकानो अभ्यासाला स्वतःचं घर मिळालं.

हे भांडण संपलेलं नाही. अॅरिझोनानं २०१० साली कायदा केला आणि त्याच्या आधारे टूसॉनच्या शाळांतला मेक्सिकन-अमेरिकन अभ्यास २०१२मध्ये बंद पाडला. २०१७ साली केंद्रीय न्यायाधीशांनी निकाल दिला की त्यामागे वांशिक आकस होता आणि ते घटनाबाह्य आहे. पण मधली पाच वर्षं जी मुलं त्या वर्गांविना शाळेतून बाहेर पडली, त्यांना ती परत मिळाली नाहीत.

सेमिनारमध्ये तुमच्या शेजारी बसलेल्या मुलीची आजी कदाचित त्या १९६८च्या मोर्चात असेल. तिच्यासाठी हा विषय घरातला आहे. आपण त्या घरात पाहुणे म्हणून जातो हे लक्षात असलं की वागणं आपोआप बदलतं.

'ग्रॅज्युएट स्टडी' म्हणजे बी.ए. का?

नाही. आपण ज्याला पदव्युत्तर म्हणतो, एम.ए. आणि पीएच.डी., त्याला तिकडे 'ग्रॅज्युएट' म्हणतात. आपल्याकडे ग्रॅज्युएट म्हणजे बी.ए. झालेला, म्हणून हा गोंधळ. बी.ए. नंतर थेट पीएच.डी.लाही अर्ज करता येतो, एम.ए. वाटेत होते. तीन वर्षांची भारतीय पदवी काही विद्यापीठं मानतात, काही १६ वर्षांचं शिक्षण मागतात. नव्या शैक्षणिक धोरणाची चार वर्षांची पदवी असेल तर ही अडचण नाही.

कुठे शिकता येईल?

चिकानो अभ्यासाची पीएच.डी. पहिल्यांदा सांता बार्बाराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सुरू झाली. लॉस एंजेलिसचं कॅलिफोर्निया विद्यापीठ, न्यू मेक्सिको विद्यापीठ, अॅरिझोना विद्यापीठ, मिशिगन स्टेट आणि ऑस्टिनचं टेक्सस विद्यापीठ इथेही ती उभी राहिली. नुसती एम.ए. करायची तर नॉर्थरिज, लॉस एंजेलिस आणि सॅन होजे इथली कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठं बघा. ती सर्वसामान्य घरांतल्या मुलांची विद्यापीठं आहेत आणि तिथलं शिकवणं जमिनीवरचं आहे. बर्कलेत हाच अभ्यास 'एथ्निक स्टडीज' या नावाखाली होतो, तर इतर अनेक ठिकाणी तो 'अमेरिकन स्टडीज', इतिहास किंवा समाजशास्त्राच्या विभागात होतो. म्हणून नुसत्या विभागाच्या नावावर जाऊ नका. तुमच्या विषयावर काम करणारे दोन तरी प्राध्यापक तिथे आहेत का, ते आधी बघा. सध्या अनेक राज्यांत असे विभाग एकत्र केले जाताहेत किंवा त्यांचा निधी कापला जातोय, तेव्हा अर्जापूर्वी विभागाला थेट ईमेल करून 'यंदा प्रवेश देणार आहात ना' हे विचाराच. त्यात संकोच कसला?

गावही बघा. पोर्तोरिकन आणि डोमिनिकन समाजांवर काम करायचं तर न्यूयॉर्कला पर्याय नाही. मेक्सिकन शेतमजुरांवर करायचं तर कॅलिफोर्नियाची मधली खोरी, क्युबन लोकांवर करायचं तर फ्लोरिडा.

स्पॅनिश यायलाच हवी का?

नियमापुरतं बोलायचं तर काही एम.ए. अभ्यासक्रमांत नसली तरी चालते. प्रामाणिकपणे सांगायचं तर हवी. माणसं इंग्रजीत मुलाखत देतात आणि स्पॅनिशमध्ये आठवतात. मी इथून बी१, म्हणजे मधली पातळी करून गेले होते, पहिल्या सहा महिन्यांत ती अपुरी पडली. परीक्षेतली स्पॅनिश आणि क्युबन म्हाताऱ्यांची शब्दांचे शेवट गिळणारी स्पॅनिश यांत फार अंतर आहे. शिवाय तरुण पिढी एका वाक्यात दोन्ही भाषा मिसळते. ती मिसळ अशुद्ध समजू नका. तिला स्वतःचं व्याकरण आहे आणि त्यावर भाषाशास्त्रात गंभीर काम झालंय.

दिल्लीत जेएनयू आणि इन्स्तितुतो सर्वांतेस, हैदराबादेत इफ्लू इथे स्पॅनिश चांगली शिकता येते. पातळी दाखवायला 'देले' परीक्षेचं प्रमाणपत्र चालतं. गोव्यातल्या मुलांना एक वाट जास्तीची आहे. गोवा विद्यापीठात पोर्तुगीज शिकता येते, आणि अमेरिकेतल्या ब्राझिलियन वस्त्यांवर काम करायला ती थेट उपयोगी पडते.

पण स्पॅनिश आली म्हणजे सगळे लॅटिनो कळले असंही नाही. मेक्सिकोतल्या वाहाकाहून आलेले मिश्तेक आणि सापोतेक, ग्वातेमालाचे माम आणि किचे लोक घरी आपापल्या भाषा बोलतात. त्यांतल्या काहींना स्पॅनिश तुटकच येते, आणि दवाखान्यात, कोर्टात त्यांना दुभाषा दिला जातो तो स्पॅनिशचा. या एका अन्यायावर कितीतरी प्रबंध लिहिता येतील.

जाता जाता एक गंमत. आपला 'बटाटा' पोर्तुगीजांमार्फत आला, पण मूळ शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा. त्याच ताइनोंचा वारसा पोर्तोरिकन लोक आजही सांगतात.

मी मराठी. या विषयावर काम करायचा मला काय अधिकार?

हा प्रश्न विचारणाऱ्यांबद्दल मला आदर वाटतो. माझं स्वतःचं सांगते.

माझी आजी विड्या वळायची. मांडीवर सूप, त्यात कापलेली पानं, तंबाखू, दोरा. दिवसाला हजाराचा हिशोब. मी बी.ए.ला असताना फ्लोरिडातल्या टँपा शहरातल्या ईबोर सिटीबद्दल वाचलं. १८८६ साली तिथे सिगारचे कारखाने सुरू झाले आणि क्युबन, स्पॅनिश, इटालियन कामगार आले. त्या कारखान्यांत उंच चौथऱ्यावर एक माणूस बसायचा, 'लेक्तोर'. कामगार सिगार वळत असायचे आणि तो मोठ्यानं वाचायचा. सकाळी वर्तमानपत्रं, मग कादंबरी. कोणती कादंबरी वाचायची ते कामगार मतदानानं ठरवायचे आणि लेक्तोरचा पगार मालक नव्हे, कामगार स्वतःच्या खिशातून द्यायचे. शाळेचं तोंड न पाहिलेली माणसं अशी ऐकून ऐकून जगभराचं राजकारण जाणत होती. १९३१ साली मालकांनी लेक्तोर काढून टाकले, कामगारांनी संप केला, पण वाचणारे परत आले नाहीत. त्यांच्या जागी रेडिओ आला.

पोर्तो रिकोची लुईसा कापेतियो ही अशीच वाचणारी. पुढे कामगार चळवळीची पुढारी झाली, आणि १९१५ साली हवानात पुरुषी पँट घातली म्हणून तिला अटक झाली. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या आजीला कुणी काही वाचून दाखवलं असतं तर?

हा माझा अधिकार. माझी त्यांच्याशी ओळख तंबाखूतून झाली, आणि ती खरी होती. तुमची ओळख ऊसतोडीतून होईल. कॅलिफोर्नियाच्या शेतांत मजुरांना दिवसभर कंबरेत वाकवणारं आखूड दांड्याचं खुरपं, 'एल कोर्तीतो', कामगारांनी लढून १९७५ साली बंद करायला लावलं. बीडच्या मुलीनं त्यावर लिहिलं तर ती जे बघेल ते इतरांना दिसणार नाही. किंवा चळवळीतून होईल. दलित पँथर १९७२ साली मुंबईत अमेरिकेतल्या काळ्यांच्या 'ब्लॅक पँथर्स' संघटनेकडे बघत उभी राहिली. शिकागो आणि न्यूयॉर्कच्या पोर्तोरिकन तरुणांची 'यंग लॉर्ड्स' संघटनाही त्यांच्याकडेच बघत घडली. एकमेकांना कधी न भेटलेली ही दोन भावंडं आहेत. त्यांच्यावर शेजारी शेजारी ठेवून काम व्हायला हवं, आणि ते मराठी वाचता येणाराच करू शकतो.

साम्य बघताना फरक विसरू नका, एवढं मात्र पाळा. जात आणि वंश एकच नव्हेत. ईबोर सिटीतच काळ्या आणि गोऱ्या क्युबन लोकांनी फ्लोरिडाच्या भेदभावाच्या कायद्यांखाली वेगवेगळी मंडळं काढली. काळ्यांचं 'ला उनिओन मार्ती-मासेओ', गोऱ्यांचं 'सिर्कुलो कुबानो'. 'लॅटिनो' हा शब्द अशा भेगांवर पांघरूण घालतो. अभ्यासकानं ते पांघरूण उचलायचं असतं.

प्रत्यक्ष अभ्यास कसा चालतो?

आठवड्याला तीन सेमिनार, प्रत्येकाचं दीड-दोनशे पानांचं वाचन, सत्राअखेरी प्रत्येकी वीस-पंचवीस पानांचा निबंध. वाचनात इतिहास, कविता, कायद्याचे निकाल, नाटकं, स्वयंपाकाच्या वह्या, गाणी, सगळं येतं. मेक्सिकन सीमेवरचे 'कोरीदो', म्हणजे गोष्ट सांगणारी गाणी, ऐकताना मला सारखा आपला पोवाडा आठवायचा. दोन्हींत तारीख, गाव आणि वीराचं नाव गाण्यातच गोवलेलं असतं.

मग अभिलेखागारं. ऑस्टिनच्या बेन्सन संग्रहात चिकाना लेखिका ग्लोरिया अन्सालदुआ यांची कागदपत्रं आहेत. शेतमजूर युनियनचे कागद दूर डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात आहेत. टँपाच्या साउथ फ्लोरिडा विद्यापीठात सिगारकामगारांच्या मंडळांची दप्तरं आहेत, आणि मी तिथे खूप रमले.

आणि मुलाखती. यात मी सुरुवातीलाच चुकले. एका सिगारकामगाराच्या नातीकडे रेकॉर्डर आणि तीस प्रश्नांची यादी घेऊन गेले. सहाव्या प्रश्नाला त्या बाई थांबल्या आणि म्हणाल्या, 'तुझी आजी काय करायची?' मी सांगितलं. पुढचे दोन तास त्याच बोलत होत्या, यादी पिशवीतच राहिली. नंतर रेकॉर्डिंगची प्रत आणि टाइप केलेला मजकूर त्यांच्या घरी नेऊन दिला. हे देणं ऐच्छिक समजू नका.

कागदपत्रं नसलेल्या, म्हणजे अमेरिकेत राहायची कायदेशीर परवानगी नसलेल्या लोकांवर काम करता येतं का?

येतं, पण तुमच्या वहीमुळे कुणाचं घर मोडू शकतं हे आधी समजून घ्या. माणसांवरच्या संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या विद्यापीठाच्या आयआरबी समितीची परवानगी लागतेच. त्यापलीकडे काही गोष्टी मी कसोशीनं पाळते. खरं नाव कुठेच लिहायचं नाही, गाव आणि कामाची जागा बदलायची, आणि जे विचारण्याची गरज नाही ते विचारायचंच नाही. 'तुम्ही इथे कसे आलात' हा प्रश्न बहुतेक वेळा लागत नाही. पहिल्याच वर्षी परदेशी विद्यार्थ्यानं हा विषय घेऊ नये असं माझं मत आहे.

अर्जात काय लिहावं?

'मला लहानपणापासून विविध संस्कृतींची आवड आहे' हे वाक्य असेल तर खोडा. पहिल्या परिच्छेदातच प्रश्न मांडा. माझा होता, हातानं काम करणाऱ्यांच्या कानांवर कोणाची सत्ता असते? मग तो प्रश्न त्याच विभागात का, कोणाच्या मार्गदर्शनाखाली, कोणत्या संग्रहाच्या आधारे, हे सांगा. अर्जाच्या मुदती साधारण डिसेंबर-जानेवारीत असतात. निधीसह प्रवेश मिळाला तर होकार कळवायला बहुतेक ठिकाणी १५ एप्रिलपर्यंत वेळ असतो, त्याआधी दबाव आला तरी घाई करू नका. बऱ्याच विभागांनी जीआरई ही प्रवेशपरीक्षा सोडून दिलीय, टोफेल किंवा आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा मात्र लागते.

पैशांचं काय?

पीएच.डी.ला प्रवेश मिळाला तर सहसा फी माफ आणि शिकवण्याच्या बदल्यात मानधन. एम.ए.ला बहुधा स्वतःचे पैसे. म्हणून कर्ज काढून एम.ए. करण्याआधी थेट पीएच.डी.चे अर्ज करून बघा, हा माझा आग्रह.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्यात विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, ती आधी वाचा. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीत २०२२ साली एक कलम आलं. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचं सामाजिक संशोधन तिथे बसत नाही. म्हणजे नुसता लॅटिनो विषय चालेल, पण मी वर म्हटलं तसा पँथर आणि यंग लॉर्ड्सचा तुलनात्मक विषय अडकू शकतो. हे कलम मला मनापासून चुकीचं वाटतं. ज्यांच्या समाजाचा हा इतिहास, त्यांनाच तो बाहेर जाऊन अभ्यासायला पैसे नाहीत. तरी अर्ज भरताना ते ध्यानात ठेवावंच लागतं.

शिकून झाल्यावर नोकरी?

विद्यार्थी व्हिसावर शिकताना आवारात आठवड्याला २० तास काम करता येतं, पदवीनंतर १२ महिने. विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना मिळणारे जादा २४ महिने या विषयाला नाहीत. हे घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगा.

प्राध्यापकांच्या जागा थोड्या आणि रांग मोठी. माझ्या वर्गातले लोक संग्रहालयांत, कामगार संघटनांत, सार्वजनिक आरोग्याच्या कार्यालयांत, शाळांत गेले. कॅलिफोर्नियानं २०२१ साली शाळांत वांशिक अभ्यास सक्तीचा करणारा कायदा केला, पण तो निधीच्या तरतुदीवर अवलंबून ठेवलाय. भारतात परतलात तर स्पॅनिश भाषा आणि मौखिक इतिहासाचं तंत्र, या दोन्हींवर पोट भरता येतं. मी सध्या तेच करते. सकाळी स्पॅनिशचे वर्ग, दुपारी निपाणीतल्या विडी कामगार बायकांच्या मुलाखती.

अजून दोन वर्षं हातात आहेत. आज काय सुरू करू?

मोठ्यानं वाचायला लागा. लॉस एंजेलिसचं 'ला ओपिनिऑन' १९२६ पासून निघतंय, त्याचं संकेतस्थळ मोफत उघडतं. रोज एक बातमी स्पॅनिशमध्ये, आवाज चढवून. घरात कुणी काम करत बसलेलं असेल, भाजी निवडत किंवा शिवणावर, तर त्यांच्याजवळ बसून वाचा आणि मग मराठीत सांगा काय वाचलं ते.